भागाकारबाई आणि ठेंगणीचा चषक

रेसकोर्सच्या कचेरीत जिन्याखाली एक खोली होती. तिला एकच खिडकी, खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या आत गेली एकतीस वर्षं त्याच बाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते पगार देणाऱ्यालाच ठाऊक. जॉकी, मोतद्दार, ट्रेनर, घोड्यांचे मालक आणि कोपऱ्यावरचा चहावाला या सगळ्यांसाठी त्या भागाकारबाई. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे ‘भागाकारबाई’. बाईंना हे माहीत होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. वजाबाकीबाई म्हणाले असते तर बघून घेतलं असतं, असं त्या म्हणायच्या.

बाईंचं काम घोड्यांचे वर्ग ठरवण्याचं. पहिला वर्ग सगळ्यांत तालेवार, चौथा सगळ्यांत गरीब. बरोबरीच्याने बरोबरीच्याशी पळावं एवढाच त्यामागचा हेतू. घोड्याने आजवर जिंकलेलं सगळं बक्षीस एकत्र करायचं, आणि तो जितक्या शर्यती पळला त्या आकड्याने भागायचं. दर शर्यतीमागे पन्नास हजारांच्या वर पडले की पहिला वर्ग, वीसच्या वर दुसरा, आठच्या वर तिसरा, आणि उरलेले सगळे चौथ्यात. प्रत्येक घोड्याचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. त्यावर सरासरी पेन्सिलीने आणि वर्ग शाईने. शाळेत आईबाप येतात ते पोराला वर चढवा म्हणून. इथे मालक यायचे ते घोड्याला खाली उतरवा म्हणून, कारण खालच्या वर्गात शर्यत सोपी. कोणी गुडघा सुजल्याचं सांगे, तर कोणी घोडा मनाने किती हळवा आहे ते. बाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘भागाकाराला गुडघा नसतो. पुढचा!’’

हे त्यांना शिकवलं त्यांच्या आधीच्या हेडक्लार्कने. त्याआधी म्हणे तीन पंच गच्चीत बसून दुर्बिणीतून घोडे बघायचे आणि वर्ग ठरवायचे. ज्या मालकाने आदल्या दिवशी पंचांना जेवायला बोलावलं, त्याचं घोडं त्यांना हटकून अशक्त दिसायचं. हेडक्लार्क सांगायचे, ‘‘मालक घोड्याची पाठ घासून चकचकीत करतो, दात घासतो, वेळ पडली तर वयसुद्धा घासतो. बक्षिसाचा आकडा तेवढा घासता येत नाही.’’ बाईंनी हे वाक्य गाठीला बांधलं आणि मग घोड्याकडे बघायचंच सोडून दिलं. शर्यत सुरू झाली की त्या खिडकीला पाठ करून बसायच्या. एकतीस वर्षं रेसकोर्सवर काढून एकही शर्यत न पाहिलेलं माणूस त्यांच्याशिवाय दुसरं सापडलं नसतं.

या कडकपणाला एक घरचं कारणही होतं. बाईंचे वडील याच रेसकोर्सवर जॉकींची वजनं करायचे. ते गेले तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि भाऊ अकराचा. आई तर त्याआधीच गेलेली. नोकरी बाईंनी धरली आणि भावाचं सगळं केलं. शाळेत पोचवलं, पण पोरगा शाळेच्या पुढच्या दाराने आत जाऊन मागच्या दाराने तबेल्यात पोचायचा. शेवटी तो ट्रेनरच झाला. सहा घोड्यांचा लहानसा तबेला, त्यांतले पाच दुसऱ्यांचे आणि एक स्वतःचा. लायसन मिळालं त्या दिवशी बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, ‘‘आजपासून माझ्या कचेरीतलं तू मला विचारायचं नाहीस आणि तुझ्या तबेल्यातलं मी तुला विचारणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. लोकांना बोलायला जागा नको.’’

त्याला पंधरा वर्षं झाली. सोमवारी रेसकोर्स बंद. त्या दिवशी बाई भावाकडे जेवायला जायच्या. गळका नळ, वरच्या मजल्यावरचं कुत्रं आणि बाईंची पाठदुखी यांवर तास-दीड तास गप्पा व्हायच्या, आणि घोडा हा शब्द मीठ-मिरचीतसुद्धा निघायचा नाही. भावजय गमतीने म्हणायची, ‘‘वन्सं, आपल्याकडे कोणी परका जेवायला आला, तर त्याला वाटेल या घरात सगळे टपालखात्यात आहेत.’’

भावाचा स्वतःचा जो एक घोडा, ती घोडी होती. तांबूस रंगाची, अंगाने बारकी. तिला तबेल्यात सगळे ठेंगणी म्हणत. ठेंगणी फार मोठी पळणारी नव्हती, पण कष्टाळू होती. कधी तिसरी, कधी चौथी, वर्षाकाठी एखादी शर्यत जिंकणार, आपला दाणागोटा आपण कमावणार. तिसऱ्या वर्गात तिचं छान चाललं होतं. मग दीड वर्षापूर्वी फरशीच्या कारखान्याच्या एका शेठजींनी वडिलांच्या स्मरणार्थ एक शर्यत ठेवली. रोख बक्षीस बेताचंच, पण सोबत दोन कानांचा, हातभर उंच चांदीचा चषक. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, ‘चषकाची किंमत दोन लाख दहा हजार’. त्या दिवशी ठेंगणीच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, ती नाकभर अंतराने जिंकली. भाऊ चषक डोक्यावर घेऊन घरी चालत गेला. भावजयीने तो बाहेरच्या खोलीत, दार उघडल्या उघडल्या दिसेल असा ठेवला.

नियम असा, की चषकाची किंमतही बक्षिसातच धरायची. बाईंनी कार्डावर ती धरली. नऊ शर्यती, भागाकार झाला आणि ठेंगणी तिसऱ्यातून उचलून दुसऱ्या वर्गात जाऊन पडली.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. दुसऱ्या वर्गातले घोडे ठेंगणीच्या दीडपट उंच. पाच शर्यती झाल्या आणि पाचही वेळा ती शेवटून पहिली आली. त्यातही एक भानगड होती. जिंकणारा घोडा पोचतो त्या क्षणी जो घोडा मागच्या पांढऱ्या खांबाच्याही मागे असेल, त्याच्या नावापुढे फुली पडायची. तीन फुल्या झाल्या की घोडा कायमचा बाद. ठेंगणीच्या दोन झाल्या होत्या. तिला नुसतं घरी बसवावं म्हटलं तर तेही नाही. चार महिन्यांत एकदा पळली नाही तर तबेल्यातली जागा जाणार, आणि चार महिने येत्या रविवारी भरत होते. बाद घोड्याला गिऱ्हाईक कोण? कुणीतरी ओझ्याच्या गाडीला जुंपणारा.

भाऊ सोमवारी जेवताना नळाबद्दल बोलायचा, पण घास हातातच राहायचा. दीड वर्षात तो अर्धा झाला होता. बाई सगळं बघत होत्या. कार्ड त्यांच्याच पेटीत होतं. एक दिवस दुपारी त्यांनी कोऱ्या कागदावर हिशोब मांडला. तीन लाख चौसष्ट हजार, भागिले चौदा. सव्वीस हजार. वीसच्या खाली यायला अजून पाच शर्यती फुकट पळायला हव्यात. आणि हातात होती एक. बाईंनी कागदाची घडी केली, घडीची घडी केली, आणि टोपलीत टाकली. त्यांना त्या दिवशी स्वतःच्या पेन्सिलीचा राग आला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्या आठवड्याच्या सोमवारी भावजयीचा हात मुरगळला होता, मनगटाला पट्टी होती. भाऊ पाणी आणायला आत गेला, आणि बाईंची नजर सहज चषकाकडे गेली. कानाचा जोड जिथे बसतो तिथे एक हिरवी रेघ होती. केसाएवढी. बाई उठल्या, चष्मा पुसला आणि परत पाहिलं. चांदी काळी पडते हे कोणीही सांगेल. हिरवी पडते ती चांदी नव्हे. भावजय लगबगीने आली आणि चषकाचा तो कान भिंतीकडे वळवून म्हणाली, ‘‘धूळ फार बसते हो इथे.’’ बाई पुन्हा जागेवर येऊन बसल्या. त्यांना वाटलं, या बिचारीला कळलेलंसुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. कलम त्यांना पाठ होतं, तरी बोट ठेवून वाचलं. ‘चषकाची किंमत दात्याने जाहीर केलेली धरावी. मालकाची हरकत असल्यास सराफाचा दाखला ग्राह्य धरावा.’ एकतीस वर्षांत या दुसऱ्या वाक्याला कोणी हात लावला नव्हता. माझी चांदी हलकी आहे हो, असा अर्ज घेऊन कोण येणार? बाईंच्या काळजात एकदम उजेड पडला, आणि पाठोपाठ अंधारही. मालक म्हणजे भाऊ. त्याला सांगितलं तर पंधरा वर्षांचा शब्द मोडला आणि लोक म्हणणार, बघा, बहिणीने भावाची घोडी खाली ओढली. नाही सांगितलं तर ठेंगणी रविवारी बाद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी त्यांनी त्यांच्यासारखाच तोडगा काढला. सगळ्यांसाठी नोटीस लिहिली. ‘सर्व मालकांस कळविण्यात येते, की चषकाच्या किमतीबाबत हरकत असल्यास सराफाच्या दाखल्यासह शुक्रवारी दुपारपर्यंत अर्ज करावा.’ सुवाच्य अक्षरात, खाली कलमाचा आकडा. फळ्यावर चार टाचण्या मारून लावली आणि हात झटकले. आता जो वाचेल तो येईल. यात भाऊ नाही, बहीण नाही.

पण इथेच घोडं पेंड खात होतं. रेसकोर्सवर नोटीस वाचतो कोण? मंगळवारी चहावाल्याने वाचली. बुधवारी एका मालकाने त्या फळ्याला टेकून फोनवर अर्धा तास वाद घातला आणि नोटिशीची एक टाचणी पडली. गुरुवारी दुपारपर्यंत भाऊ दोनदा फळ्यासमोरून गेला, दोन्ही वेळा खाली मान घालून. बाई जाळीतून बघत होत्या आणि मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलत होत्या. तीन वाजता त्यांनी खिडकीला कुलूप लावलं, छत्री घेतली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तबेल्याच्या दिशेने चालू लागल्या. वाटेत भेटलेल्या एका मोतद्दाराने हातातली बादली खाली ठेवली. त्याला वाटलं कोणी गेलं की काय.

भाऊ ठेंगणीच्या पायाला पट्टी बांधत होता. त्याने वर पाहिलं आणि पट्टी हातातून सुटली. ‘‘ताई? आज सूर्य कुठून उगवला?’’

‘‘नोटीस बोर्ड वाचत जा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘हे सांगायला तू इथवर आलीस?’’

‘‘सगळ्या ट्रेनरांना सांगते आहे.’’

‘‘बाकीच्यांना सांगितलंस?’’

‘‘तुझ्यापासून सुरुवात केली,’’ बाई म्हणाल्या आणि घोडीकडे न बघण्याच्या जुन्या सवयीने छत्रीकडे बघत उभ्या राहिल्या. ठेंगणीला मात्र असली सवय नव्हती. तिने मान लांब करून बाईंच्या खांद्याचा वास घेतला आणि बाहीला थोडी लाळ लावली.

भाऊ फळ्यापर्यंत गेला आणि परत आला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता. ‘‘ताई, चषकसुद्धा धरता तुम्ही? मला वाटलं नुसते पैसे.’’

‘‘सगळंच धरतो. पहिल्यापासून.’’

‘‘मग दीड वर्ष मला बोलली का नाहीस?’’

‘‘तू विचारलं नाहीस.’’

‘‘विचारू नको म्हणून तूच सांगितलं होतंस.’’

भाऊ गवताच्या गठ्ठ्यावर बसला. ‘‘तिला काय सांगू घरी? दर आठवड्याला घासते तो चषक. तिच्याकडे मिरवायला तेवढं एकच आहे. सराफाने खोटा म्हटला तर तिचं मन मोडणार. खरा म्हटला तर या बिचारीचं नशीब मोडणार.’’ त्याने घोडीच्या पाठीवर थाप मारली.

‘‘ते तुझं तू बघ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘शुक्रवारी दुपारी खिडकी बंद होते.’’ पण शुक्रवारी सकाळी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तीही एकतीस वर्षांतली चौथी.

सराफाचं दुकान बाजाराच्या बोळात होतं, आरशासारखी फरशी आणि काचेच्या कपाटांची रांग. भावाने चषक चादरीत गुंडाळून आणला होता. भावजय त्याच्या मागे, पट्टीचा हात पदरात घेऊन. तिचा चेहरा उतरलेला. दोघांच्या मागे बाई. ‘‘विकायचा आहे का?’’ सराफाने विचारलं. ‘‘नाही, नुसता दाखला हवा,’’ भाऊ म्हणाला. सराफाने चषक उलटा केला आणि बुडाला कानस लावली. खर्र. पावडर पांढरी आली.

‘‘वा,’’ सराफ म्हणाला, ‘‘दिसते तर चांदीच.’’

तिघांची तोंडं एकदम पडली. सराफाचा हात तसाच राहिला. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्याने चांदी ऐकून रडकुंडीला आलेली गिऱ्हाइकं पाहिली नव्हती. भाऊ मटकन स्टुलावर बसला. बाईंना वाटलं, झालं, संपलं, आपल्या डोळ्यांना हिरवं दिसलं ते आपल्याच मनातलं होतं. ठेंगणीचं ओलं नाकाड त्यांना बाहीवर परत जाणवलं.

तेवढ्यात भावजय पुढे झाली. ‘‘जरा खोल घासा ना.’’

‘‘वहिनी, भोक पडेल.’’

‘‘पडू दे. तिथे नका, इथे घासा. या कानाच्या जोडाशी.’’ जागा तिने बोट लावून दाखवली. बाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं.

सराफाने खांदे उडवले आणि कानस जोडाला लावली. एकदा, दोनदा, पाचदा. मग तो थांबला, भिंग डोळ्याला लावलं आणि बाटलीतून तेजाबाचा एक थेंब त्या खाचेत सोडला. थेंब फसफसला आणि हिरवागार झाला. सराफाने वाईट बातमी सांगताना काढावा तसा आवाज काढला. ‘‘माफ करा, आत पितळ आहे. वरून मुलामा आहे, जाड आहे, पण मुलामाच. कोणीतरी तुम्हाला फसवलं.’’

‘‘पितळ!’’ भाऊ ओरडला. ‘‘ताई, पितळ!’’

‘‘देवा, पितळ,’’ भावजय म्हणाली आणि दुखऱ्या हाताने टाळी वाजवून कळवळली. भागाकारबाई, ज्यांचा आवाज ‘पुढचा’ या शब्दापलीकडे कोणी ऐकला नव्हता, त्या कपाटाला धरून हसत सुटल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पितळ उघडं पडल्यावर इतकं आनंदाने नाचलेलं कुटुंब त्या बोळाने पाहिलं नसेल. सराफाने तेजाबाची बाटली हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

दाखला लिहून होईपर्यंत नवराबायको एकमेकांकडे बघत होते.

‘‘तुला ती जागा कशी माहीत?’’ भावाने विचारलं.

‘‘दर आठवड्याला तिथेच हिरवं यायचं. तुम्हाला दिसू नये म्हणून घासत होते. जन्मात एकदा काहीतरी जिंकून आणलंत, आणि ते खोटं निघालं असं कोण सांगणार?’’

‘‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,’’ भाऊ म्हणाला. ‘‘डोक्यावर घेतला तेव्हाच. एवढ्या मोठ्या चांदीचं वजन काय असतं ते वजनकाट्यावाल्याच्या पोराला कळणार नाही? पण तू इतकी घासत होतीस, म्हटलं राहू दे.’’

बाईंनी दोघांकडे पाहिलं. दीड वर्ष दोघांनी एकमेकांपासून एकच गुपित लपवलं होतं, आणि तो चषक ठेंगणीला किती महाग पडतोय हे एकट्या बाईंना ठाऊक होतं, आणि त्याही गप्प होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण त्या सकाळी लाजेलाही फारशी जागा नव्हती, इतकं हलकं वाटत होतं. सराफाने दाखल्यावर लिहिलं, ‘पितळ, किंमत रुपये दोन हजार’.

आता एकच पायरी उरली होती. भावाच्या घोडीला खाली उतरवणारा हा भागाकार आपण करायचा नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. त्या अर्ज, दाखला, कार्ड आणि पेन्सिल घेऊन सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत गेल्या. ‘‘साहेब, माझ्या भावाची घोडी आहे. आकडेमोड तुम्ही करा.’’

साहेबांनी कलम वाचलं, दाखला वाचला, बाईंकडे चष्म्यावरून पाहिलं. ‘‘तुमच्या भावाचाच अर्ज आला म्हणता?’’

‘‘नोटीस चार दिवस फळ्यावर आहे साहेब. चहावाल्याने वाचली आहे.’’

साहेब हसले आणि बाह्या वर करून बसले. मोठ्या घरातला माणूस, शाळेनंतर हाताने भागाकार केलेला नव्हता. ‘‘एक लाख छप्पन्न हजार, भागिले चौदा. चौदा एके चौदा... उरले...’’ बाई उभ्याच होत्या. साहेबांची पेन्सिल जिथे जायला नको तिथे जात होती आणि बाई जिभेला दातांखाली धरून होत्या. पाच मिनिटांनी साहेबांनी विजयी चेहऱ्याने वर पाहिलं. ‘‘एक लाख अकरा हजार! बाई, ही तर पहिल्या वर्गात चालली.’’

पेन्सिल हिसकावून घ्यावी असं बाईंच्या फार मनात आलं. पण त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, कृपा करून पुन्हा एकदा. एखादं शून्य पाहुणं आलं असेल.’’

दुसऱ्या खेपेला शून्य गेलं. अकरा हजार एकशे काही. साहेबांनी स्वतःच्या हाताने कार्डावर ‘दुसरा’ खोडून शाईने ‘तिसरा’ लिहिलं आणि सही केली. शाई वाळेपर्यंत बाई तिच्यावर फुंकर घालत उभ्या होत्या.

शनिवारी सकाळी खिडकीसमोर ही रांग. बातमी फुटली होती, आणि मुदत काल संपली हे कोणी ऐकायला तयार नव्हतं. जिकडेतिकडे चषकच चषक, पिशव्यांतून, पोत्यांतून, एकाचा तर कुकरच्या खोक्यातून. प्रत्येक मालक देवाकडे हेच मागत होता, की आपला चषक खोटा निघो. एका मालकाने बारा वर्षं तिजोरीत ठेवलेला चषक सराफाला दाखवला, तो अस्सल चांदीचा निघाला आणि माणूस हिरमुसून घरी गेला. फरशीवाल्या शेठजींनी मात्र मी चांदीचेच पैसे मोजले होते असं सांगितलं. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. ठेंगणीचा चषक आता तबेल्यात आहे. त्यात बरोबर एका वेळची दाण्याची चंदी मावते. घासायचा त्रास गेला म्हणून भावजय खूश आहे.

रविवारी तिसऱ्या वर्गाच्या शर्यतीची घंटा झाली तेव्हा बाई सवयीप्रमाणे खिडकीला पाठ करून बसल्या. मग उठल्या. बाहेर येऊन कठड्यापाशी उभ्या राहिल्या. बारा घोडे सुटले. बाईंना काही कळेना, कोण कुठला, सगळेच मातीत. वळणावर त्यांना एक बुटकं तांबूस अंग दिसलं, घोळक्यातच होतं, मागे पडलेलं नव्हतं. त्यांनी कठडा घट्ट धरला. पांढरा खांब मागे गेला. फुली नाही! शेवटच्या टप्प्यात ठेंगणीने मान खाली घातली आणि दोघांना मागे टाकून चौथी आली. जिंकणाऱ्याकडे सगळे बघत होते. चौथ्या आलेल्या घोडीसाठी रेसकोर्सवर ओरडणारी एकच बाई होती, आणि चहावाला तोंडात बोटं घालून तिच्याकडे बघत होता.

चौथ्याचं बक्षीस नऊ हजार. बाई आत आल्या, खुर्चीत बसल्या, कार्ड काढलं. आता साहेबांची गरज नव्हती, वर्ग ठरून गेला होता, ही नुसती रोजची नोंद. एक लाख पासष्ट हजार, पंधरा शर्यती. अकरा हजार. बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार फार दिवसांनी जमला होता.

खिडकीसमोर रांग लागली. तिसरा नंबर भावाचा होता. पंधरा वर्षांत तो त्या जाळीपाशी कधी आला नव्हता, कायम माणूस पाठवायचा. ‘‘किती?’’ त्याने विचारलं.

‘‘अकरा.’’

‘‘म्हणजे तिसराच ना?’’

‘‘तिसराच. पक्का.’’

भाऊ हलेना. जाळीला कपाळ टेकवून हळू आवाजात म्हणाला, ‘‘ताई, दीड वर्ष मला वाटत होतं, घोडी दुसऱ्या वर्गाची आहे आणि मीच तिची माती केली. तुझा आकडा चुकत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. म्हटलं, मग चुकतोय तो मी. गेल्या महिन्यात लायसन परत द्यायला गेलो होतो. साहेब जेवायला गेले होते, म्हणून खिशात घालून परत आलो.’’ त्याने नाक ओढलं. ‘‘ती तिसऱ्या वर्गाची आहे, म्हणजे मी काही वाईट ट्रेनर नाही. नाही का गं?’’

एकतीस वर्षं बाई घोड्यांचे वर्ग लावत होत्या, आणि त्याच शाईने आपल्या भावाचाही वर्ग लावला गेला हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी जाळीच्या भोकातून हात बाहेर काढला आणि त्याचा हात धरला. अकरा वर्षांच्या मुलाला रस्ता ओलांडताना धरायच्या तसाच.

‘‘नाहीस रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कधीच नव्हतास.’’

मागचा मालक खाकरला. त्याच्या मागचाही खाकरला. भागाकारबाईंनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘पुढचा!’’ पण भावाचा हात काही सोडला नाही.